गाऱ्हाणे, श्रोता आणि नभोवाणी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

नभोवाणीचा इतिहास लिहिताना बहुधा बोलणाऱ्याचाच इतिहास लिहिला जातो. केंद्रे केव्हा स्थापन झाली, प्रक्षेपकांची शक्ती कधी वाढली, कोणते वक्ते व गायक मायक्रोफोनपुढे आले, यांच्या नोंदी दप्तरांत सापडतात आणि त्यांच्या आधारे ग्रंथ सिद्ध होतात. ऐकणाऱ्याची दखल घेतली जाते ती मुख्यतः संख्येपुरती. इतके परवाने, इतकी ग्रहणयंत्रे, इतकी पत्रे असा त्याचा हिशेब मांडला की इतिहासकाराचे कर्तव्य संपल्यासारखे होते. परंतु ऐकणारा कधी ना कधी उलट बोलू लागला, आपल्या शेतातील, घरातील व मनातील अडचण त्याने त्या यंत्राच्या पलीकडे बसलेल्या अनोळखी माणसास सांगितली, ही गेल्या शतकातील सामाजिक इतिहासाची एक महत्त्वाची घटना होय. हे सांगणे कोणत्या वाटांनी घडले आणि त्यास उत्तर कोणी दिले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या विचारासाठी बुलढाणा जिल्हा घेण्यास कारण आहे. नभोवाणीची घडी ज्या काळात बसली त्या काळात हा जिल्हा केवळ ऐकणाऱ्यांचा होता. बोलणारी केंद्रे दूर होती. राजकीय दृष्ट्याही तो सीमेवरचा. वऱ्हाडचा हा पश्चिम भाग प्रथम निजामाच्या मुलखातून इंग्रजी व्यवस्थेकडे आला, पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडू लागला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकर्ता जेथे वारंवार बदलतो तेथे गाऱ्हाणे कोणाच्या दारी न्यावे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ‘गाऱ्हाणे’ या शब्दात आपल्या भाषेने दोन अर्थ एकत्र ठेवले आहेत. अधिकाऱ्यापुढे मांडावयाची तक्रार तीही गाऱ्हाणे आणि देवापुढे घालावयाचे साकडे तेही गाऱ्हाणेच. दोहोंतही ऐकणारा आपणाहून समर्थ आहे आणि तो काही करील, ही अपेक्षा गृहीत असते. नभोवाणीकडे आलेल्या गाऱ्हाण्याची परीक्षा याच अपेक्षेच्या आधारे करावी लागते.

२

या जिल्ह्यातून सार्वजनिक व्यासपीठावर गेलेल्या गाऱ्हाण्याचे एक ठळक उदाहरण नभोवाणीच्या पुष्कळ आधीचे आहे. बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२मध्ये पुण्यात छापला गेला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला १८८१मध्ये चालला. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून हा निबंध लिहिला गेला. दोष स्त्रीच्या माथी मारणारे पुरुष स्वतः कसे वागतात, याचा जाब त्यात घरगुती, धारदार आणि म्हणींनी भरलेल्या भाषेत विचारला आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट या लेखनाच्या आशयाइतकीच त्याला मिळालेल्या प्रतिसादाची आहे. जोतीराव फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. इतरत्र त्यांच्या वाट्यास उपहास आला. यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही, आणि हा निबंधही दीर्घकाळ विस्मृतीत राहून १९७५मध्ये स. गं. मालशे यांच्या संपादनाने पुन्हा वाचकांपुढे आला. बोलण्याची संधी मिळाली, पण ऐकून घेणारी सभा मिळाली नाही, असे या प्रसंगाचे स्वरूप आहे. गाऱ्हाणे मांडले जाणे आणि गाऱ्हाणे ऐकले जाणे या दोन भिन्न क्रिया होत, हा धडा नभोवाणीच्या इतिहासासही लागू पडतो.

३

भारतात संघटित ध्वनिक्षेपणास २३ जुलै १९२७ रोजी मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रापासून प्रारंभ झाला. कंपनी टिकली नाही. ध्वनिक्षेपण सरकारकडे आले आणि १९३६मध्ये त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव प्राप्त झाले. १९३३च्या कायद्यानुसार ग्रहणयंत्र बाळगणाऱ्यास परवाना घ्यावा लागे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ऐकणे हीच परवान्याची बाब होती. मग उलट बोलण्याची कल्पना कोठून असणार? नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नागपूर ही तेव्हा बुलढाण्याच्या प्रांताची राजधानी. तरी जिल्ह्याच्या ठाण्यापासून ती रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर.

श्रोत्यास बोलते करण्याचा पहिला पद्धतशीर मराठी प्रयोग पुणे केंद्रावर झाला. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी स्थापन झाले होते. १९५६च्या पूर्वार्धात युनेस्कोच्या साहाय्याने मराठीभाषक पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत शेतकरी नभोवाणी मंडळे उभारण्यात आली. मूळ कल्पना कॅनडाची. तेथे १९४१पासून शेतकऱ्यांचे गट आठवड्यातून एका रात्री एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले मत केंद्राकडे कळवीत. पुण्याच्या प्रयोगात अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावी सुमारे वीस सभासद कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर बोलत, आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तान्त व उपस्थित झालेले प्रश्न पुण्यास पाठवी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून देण्यात येत.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. ते काम पाहणारे पॉल न्यूरॅथ हे मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत गेले होते. त्यांनी व आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी सिद्ध केलेला अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये प्रकाशित केला. केवळ ग्रहणयंत्र असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळ अधिक झाली, असे त्यात दिसून आले. निरक्षर सभासदही चर्चेत मागे राहिले नाहीत. याचा अर्थ स्पष्ट आहे. नभोवाणीचे सामर्थ्य एकट्या यंत्रात नव्हते. यंत्राभोवती बसलेल्या आणि आपसात बोलणाऱ्या माणसांत ते होते. उत्तर देण्याची जबाबदारी केंद्राने आगाऊ पत्करली होती, हेही तितकेच महत्त्वाचे.

तथापि या पद्धतीच्या मर्यादा विसरून चालणार नाही. मंडळाचा सभासदवर्ग प्रामुख्याने पुरुषांचा होता. प्रश्न मंडळाचा म्हणून जाई, व्यक्तीचा म्हणून नव्हे. विहीर, खत, शाळा, सहकारी सोसायटी, ग्रामपंचायत यांविषयी वीस माणसांत बोलता येते. सावकाराने दारात येऊन केलेला अपमान, भावाभावांतील फाटाफूट, सुनेचे दुःख यांविषयी बोलता येत नाही. ताराबाईंनी जे विचारले ते मंडळाच्या वृत्तान्तात उतरण्याजोगे नव्हते. शिवाय प्रयोगाच्या वेळी बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी तो त्या राज्यात आला. नभोवाणी मंडळांची योजना देशभर विस्तारण्यास १९५९च्या नोव्हेंबरात प्रारंभ झाला.

४

मंडळाच्या जोडीने, आणि मंडळे ओसरल्यानंतर त्यांच्या जागी, श्रोत्याचे साधन होते ते पत्र. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोचू लागला आणि गावच्या चावडीवरील सामुदायिक यंत्राची जागा खांद्यावर अडकवून शेतात नेता येणाऱ्या यंत्राने घेतली. मराठी केंद्रांवरील ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांत गीतापूर्वी ते मागणाऱ्यांची नावे व गावे वाचली जात. आपल्या गावाचे नाव साऱ्या मुलखास ऐकू गेले, यात श्रोत्यास मोठे समाधान असे. बुलढाणा जिल्ह्याचा शब्द ध्वनीच्या रूपाने महाराष्ट्रभर गेला होता तोही पूर्वी गीतातूनच. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांच्या स्वरात ध्वनिमुद्रित होऊन घरोघरी पोचली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळातील रचनांत तिची गणना होते.

गीताची मागणी हेही एक प्रकारचे आत्मकथनच होते. उघडपणे जे सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या गीतातून सांगण्याची ती सोय होती. परंतु अडचण सांगणारे पत्र निराळे. ते लिहिण्यास प्रथम अक्षर हवे. १९५१च्या जनगणनेत देशातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ९हून कमी होते. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे पत्र गावचा शिक्षक किंवा शाळेत जाणारे पोर लिही. म्हणजे दुःख केंद्रापर्यंत जाण्यापूर्वी तिसऱ्यास सांगावे लागे. लेखनाची रीतही ठरलेली. वऱ्हाडीत भोगलेली गोष्ट ‘सविनय निवेदन’ या थाटात मांडावी लागे. पोस्टकार्डावर जागा थोडी आणि ते वाटेत कोणासही वाचता येणारे. त्यामुळे पत्रातील गाऱ्हाणे बहुधा प्रश्नाच्या रूपाने अवतरे. पिकावर ही कीड आहे, उपाय सांगावा. कर्जाचा अर्ज कोठे करावा ते कळवावे. प्रश्नामागील माणूस प्रश्नाआड राही.

आणखी एक पेच कापसाच्या संबंधात निर्माण झाला. महाराष्ट्र राज्याने १९७१च्या कायद्यान्वये १९७२पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. खामगाव, मलकापूर यांसारख्या जिल्ह्यातील जुन्या बाजारपेठांत कापूस नेणारा शेतकरी यापुढे सरकारी खरेदी केंद्रावर तो घालू लागला. गाड्यांची रांग, मालाची प्रतवारी आणि हप्त्यांनी मिळणारे पैसे ही त्याची नित्याची दुखणी बनली. आता कापूस घेणारे सरकार आणि नभोवाणी चालविणारेही सरकार. एक राज्याचे व दुसरे केंद्राचे, एवढाच काय तो भेद, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा नव्हता. ज्याच्याविषयी गाऱ्हाणे त्याच्याच ओसरीवर ते मांडावयाचे होते. अशा ठिकाणी कीड व खत यांविषयी मनमोकळे उत्तर मिळते. भाव आणि चुकारे यांविषयी उत्तर मिळते ते परिपत्रकाच्या भाषेत.

५

दूरध्वनीने हा सारा व्यवहार बदलला, परंतु पुष्कळ उशिराने. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशात सुमारे ८० हजार दूरध्वनी होते. १९९१मध्ये ही संख्या सुमारे ५० लाखांवर आली. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने लहान गावांना परवडणारी विनिमय केंद्रे विकसित केली आणि पिवळ्या पाट्यांची एसटीडी दुकाने तालुक्याच्या गावांत दिसू लागली. भ्रमणध्वनीची सेवा १९९५मध्ये सुरू झाली. खेड्यांत ती पोचावयास पुढील शतक उजाडावे लागले. ग्रहणयंत्राच्या परवान्याची पद्धत यापूर्वीच, ऐंशीच्या दशकात, बंद झाली होती.

अन्य देशांत दूरध्वनी व गाऱ्हाणे यांची सांगड याच्या कितीतरी आधी पडली होती, आणि तिच्या दोन वाटा झाल्या होत्या. लंडनमध्ये चॅड वॅरा या धर्मोपदेशकाने १९५३मध्ये ‘समॅरिटन्स’ ही सेवा सुरू केली. तीत निराश माणसाचे बोलणे एकांतात ऐकले जाई व ते कोणासही कळू दिले जात नसे. जपानमध्ये १९६५पासून निप्पॉन प्रसारण संस्थेच्या एका कार्यक्रमात नाव न सांगता घरगुती दुःख सांगणारे श्रोते व त्यांना सल्ला देणारे जाणते यांचे संभाषण सर्वांस ऐकविले जाऊ लागले. पहिल्या वाटेने दुःख सांगणाऱ्यास आधार मिळतो. दुसऱ्या वाटेने त्याखेरीज आणखी काही घडते: तेच दुःख मुकाट्याने भोगणाऱ्या इतरांस आपण एकटे नाही हे कळते.

मराठी प्रदेशात आकाशवाणीच्या केंद्रांवरून ‘फोन-इन’ या नावाने रूढ झालेले कार्यक्रम या दोन वाटांच्या मध्ये कोठेतरी राहिले. कृषी विद्यापीठाचा तज्ज्ञ अथवा डॉक्टर बोलावून श्रोत्यांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावयाची, ही त्यांची सर्वसाधारण घडण. विविध भारतीच्या ‘हॅलो सहेली’ या सदरात मात्र लहान गावांतील मुली व गृहिणी आवडीचे गीत सांगता सांगता आपला दिनक्रम, सुटलेले शिक्षण, करावेसे वाटणारे काम यांविषयी बोलू लागल्या. भाषेच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पत्राची भाषा शाळेची असे. दूरध्वनीवर माणूस घरच्या बोलीत बोलतो. चाचपडणे, थांबणे, हसण्यावारी नेणे या गोष्टी पत्रात उतरत नाहीत. आवाजात त्या लपत नाहीत. लिहिणारा मध्यस्थ गेला आणि निरक्षर स्त्रीसही स्वतःच्या तोंडाने बोलता आले.

जे मिळाले त्याबरोबर काही गमावलेही. मंडळात एकाच्या प्रश्नास आधी शेजारी उत्तर देत आणि न सुटलेले तेवढे केंद्राकडे जाई. दूरध्वनी करणारा श्रोता एकटा असतो. त्याच्या वाट्यास काही मिनिटे येतात. अनेक कार्यक्रमांत संभाषण आधी मुद्रित होऊन निवड व काटछाट झाल्यावरच ते प्रक्षेपित होते. तो बोलतो ते हजारो ऐकतात, पण त्याच्या आळीतील माणसाने ते ऐकले तरी त्यावर बोलावे असे बंधन कोणावर नाही.

६

या मर्यादेचे गांभीर्य विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभी वऱ्हाडात प्रत्ययास आले. कापसाच्या कोरडवाहू प्रदेशातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न न्यायालयापुढे व शासनापुढे आला. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयास, तर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६मध्ये राज्य शासनास आपले अहवाल सादर केले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. बुलढाणा हा त्यांपैकी एक होता.

दुसऱ्या अहवालात धोक्याची जी कारणे नोंदली आहेत ती येथे उद्बोधक ठरतात. कर्जबाजारीपणा, खालावलेली आर्थिक स्थिती, कुटुंबातील कलह, पिकाची नासाडी, समाजातील प्रतिष्ठेचा ऱ्हास, मुलीच्या वा बहिणीच्या विवाहाचा भार, आजार, व्यसन अशी ती मालिका आहे. एकेका घरी यांतील अनेक कारणे एकत्र आली होती. यांपैकी कृषी कार्यक्रमातील तज्ज्ञास उत्तर देता येण्याजोगे कारण मुख्यतः एकच, पिकाचे. उरलेल्यांना प्रश्नोत्तराच्या चौकटीत स्थान नव्हते.

नेमक्या याच काळात शेतकऱ्याचे ऐकून घेण्याची नवी साधने निर्माण झाली होती, हे विसरता येत नाही. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजी आकाशवाणीच्या ‘किसानवाणी’स प्रारंभ झाला. दोन्ही उपक्रम उपयुक्त होते आणि शेतकऱ्यांनी त्यांचा लाभ घेतला. परंतु तेथे गाऱ्हाण्याचे रूपांतर पीक, कीड, खत, हवामान वा बाजारभाव यांविषयीच्या पृच्छेत होणे आवश्यक होते. बोंडअळीवरील औषध विचारणारा शेतकरी कधी कधी त्या औषधासाठी काढलेल्या उधारीविषयी बोलू पाहत असेल, हे ओळखण्याची सोय अशा नोंदीत नसते. ऐकणारा कान प्रश्न ऐकण्यास शिकविलेला असला म्हणजे गाऱ्हाणे ऐकू येत नाही.

शासनाने पुढे ही उणीव ओळखली. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार झाला व १०४ हा क्रमांक समुपदेशनासाठी उपलब्ध करण्यात आला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी देशभर टेलिमानस ही सेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर कोणासही विनामूल्य बोलता येऊ लागले. ही लंडनची वाट होय, आणि जीव वाचविण्यासाठी ती अत्यावश्यकच आहे. मात्र तिच्यामुळे दुःख पुन्हा खाजगी होते. ज्या कारणांनी ते एका घरी आले त्याच कारणांनी ते शेजारच्या घरीही आले आहे, हे सार्वजनिक रीतीने कळण्याचा मार्ग त्यात नाही. त्यासाठी नभोवाणीसारखे सर्वांना एकाच वेळी ऐकू येणारे साधनच लागते.

७

वरील विवेचनावरून असे दिसते की मुद्रित निबंध, मंडळ, पत्र, दूरध्वनी आणि समुपदेशनाचा क्रमांक यांपैकी प्रत्येक साधनाने गाऱ्हाण्यास वाट दिली, आणि त्याबरोबरच त्यास ठरावीक आकारही दिला. निबंधात निर्भय बोलता आले, पण उत्तर देणारी सभा नव्हती. मंडळास उत्तर मिळे, पण तेथे स्त्रिया व खाजगी दुःखे यांना जागा नव्हती. पत्र दूर जाई, पण प्रश्नाचा पोशाख चढवून. दूरध्वनीवर माणूस आपल्या बोलीत बोलला, पण एकटा पडला. एकेका साधनाची प्रगती दुसऱ्यापेक्षा सरस म्हणून मांडणे त्यामुळे सयुक्तिक नाही. प्रत्येक वेळी विचारावयाचा प्रश्न एकच आहे: ऐकून घेणाऱ्याने उत्तराचे कोणते दायित्व स्वीकारले होते? १९५६च्या प्रयोगाचे चिरस्थायी महत्त्व या दायित्वात आहे. वीस माणसांच्या चर्चेतून निघालेल्या प्रश्नास पुढील कार्यक्रमात उत्तर मिळालेच पाहिजे, हा नियम तंत्रदृष्ट्या साधा होता. सामाजिक दृष्ट्या त्याची बरोबरी पुढील कोणत्याही सुधारलेल्या यंत्राने आपोआप केली नाही.

या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नष्ट होत आहेत. ध्वनिसंग्रहाची परंपरा नेत्यांची भाषणे आणि कलावंतांचे गायन यांभोवती वाढली. श्रोत्याचे पोस्टकार्ड व त्याचा दूरध्वनीवरील आवाज काम झाल्यावर उरावेत, अशी अपेक्षाच नव्हती. तरी सर्व काही लोपले असेल असे मानण्याचे कारण नाही. जुन्या पेटाऱ्यांतून रेडिओचे परवाने, पत्रांचे कच्चे खर्डे, मंडळांच्या वह्या, वाचल्या गेलेल्या नावांच्या आठवणी अजून मिळू शकतील. मेहकर, चिखली, जळगाव जामोद, सिंदखेडराजा या भागांत साठीच्या व सत्तरीच्या दशकांत ट्रान्झिस्टर ऐकत वाढलेली पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्या मुलाखती घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज साध्य असे कार्य आहे, आणि ते लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. मुलाखत घेताना ‘आपण काय ऐकत होता’ एवढे विचारून थांबू नये. ‘आपणांस काय सांगावयाचे होते, आणि ते कोणी ऐकले’ हेही विचारावे. त्या उत्तरांतून जिल्ह्याचा जो इतिहास हाती येईल तो कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.